कार्ल लिनियस : लांडगा, कुत्रा आणि कोल्ह्याला एकच आडनाव देणारा माणूस



आज आपण कार्ल लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाची माहिती पाहणार आहोत. वरच्या वर्गांच्या विज्ञानाच्या पुस्तकात द्विनाम पद्धती शिकवताना त्याचं नाव एका ओळीत येतं आणि लगेच पुढचा मुद्दा सुरू होतो. डी.एड.ला असताना मीही तेवढंच पाठ केलं होतं. त्याचं चरित्र वाचावंसं वाटलं ते फार नंतर, आणि त्याला माझ्या वर्गातला एक प्रसंग कारण आहे. आधी तो सांगते.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका दोनशिक्षकी शाळेत होते. इंग्रजीचा तास चालू होता. भिंतीवरच्या चार्टकडे बोट दाखवून मी मुलांकडून म्हणून घेत होते, एफ फॉर फॉक्स, फॉक्स म्हणजे कोल्हा. तेवढ्यात मेंढपाळ कुटुंबातला एक मुलगा उभा राहिला. एरवी वर्गात तो तोंड उघडायचा नाही. तो म्हणाला की बाई, हा कोल्हा नाही. कोल्हा याच्यापेक्षा उंच असतो, पिवळट करड्या रंगाचा असतो आणि दिवस मावळला की कुई करतो. हे चित्र खोकडासारखं दिसतंय, पण आमच्या रानातल्या खोकडाच्या शेपटीचं टोक काळं असतं आणि याचं पांढरं आहे.

मी त्याला खाली बसवलं. चार्टवर आहे तेच म्हणायचं, असं सांगितलं. त्या वर्षी मी भरलेल्या अप्रगत विद्यार्थ्यांच्या यादीत त्या मुलाचं नाव होतं.

पुढे लिनियसबद्दल वाचताना कळलं की तो मुलगा अगदी बरोबर होता, आणि त्याने जे केलं तेच लिनियसने आयुष्यभर केलं. आणखी एक गोष्ट कळली. लिनियस स्वतःसुद्धा शाळेत अशाच एका यादीत होता.

जन्म आणि बालपण

कार्ल लिनियसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतात, रोशुल्ट या गावी झाला. वडील नील्स हे चर्चमध्ये धर्मगुरू होते. आईचं नाव क्रिस्टिना. कार्ल हे त्यांचं पहिलं मूल.

या घराण्याच्या आडनावाची गंमत आहे. त्या काळी स्वीडनच्या खेड्यात लोकांना कायमचं आडनाव नसायचं. वडिलांच्या नावाला प्रत्यय जोडला की काम भागायचं. नील्सच्या वडिलांचं नाव इंगेमार, म्हणून तो इंगेमारसन. पण विद्यापीठात नाव घालताना आडनाव लागायचं. कुटुंबाच्या जमिनीवर लिंडेनचं एक मोठं झाड होतं. त्या झाडावरून नील्सने लिनियस हे आडनाव घेतलं. ज्या माणसाने पुढे सगळ्या सजीवांना आडनावं दिली, त्याचं स्वतःचं आडनाव झाडावरून आलेलं होतं.

नील्सला बागेची फार हौस. लहानगा कार्ल रडायला लागला की त्याच्या हातात एक फूल दिलं की तो गप्प व्हायचा, असं सांगतात. थोडा मोठा झाल्यावर तो प्रत्येक रोपाचं नाव विचारायचा आणि विसरायचा. तेव्हा वडिलांनी बजावलं की आधी सांगितलेली नावं लक्षात ठेवलीस तरच पुढचं नाव सांगेन. पालकांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. नील्सने मुलाला वही-पाटीच्या आधी बाग दाखवली आणि नाव लक्षात ठेवायची शिस्तही तिथेच लावली.

शाळेने मारलेला शिक्का

वडिलांची इच्छा होती की कार्लनेही धर्मगुरू व्हावं. त्यासाठी त्याला वेक्श्यो गावच्या शाळेत घातलं. तिथे धर्मशास्त्र, ग्रीक, हिब्रू हे विषय महत्त्वाचे. कार्लचं मन त्यात लागेना. तो शाळा सोडून माळावर वनस्पती गोळा करत फिरायचा.

१७२६ च्या सुमारास वडील चौकशीला शाळेत आले. शिक्षकांनी सांगितलं की याला पुढे शिकवण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा एखाद्या शिंप्याकडे किंवा चांभाराकडे काम शिकायला ठेवा. कष्टाच्या कामात कमीपणा काहीच नाही. पण शिक्षकांनी ते कार्लचा कल पाहून सुचवलं नव्हतं, तो वाया गेला असं मानून सुचवलं होतं.

सुदैवाने त्याच गावात योहान रोथमन नावाचे डॉक्टर होते. ते शाळेत शिकवायचेही. नील्स स्वतःच्या दुखण्यासाठी त्यांच्याकडे गेले आणि बोलता बोलता मुलाची काळजी बोलून दाखवली. रोथमननी वेगळंच सांगितलं. मुलगा धर्मगुरू होणार नाही हे खरं, पण तो उत्तम डॉक्टर होईल. त्या काळी औषधं वनस्पतींपासून बनायची, म्हणून डॉक्टरला वनस्पती ओळखता येणं फार गरजेचं होतं. रोथमननी कार्लला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि शरीरशास्त्र व वनस्पतिशास्त्र शिकवलं.

एकच मुलगा, एकच शाळा. बाकीच्यांनी त्याला काय येत नाही ते पाहिलं, रोथमननी काय येतं ते पाहिलं.

१७२७ मध्ये तो लुंड विद्यापीठात गेला. तिथे किलियन स्टोबेयस या डॉक्टरांच्या घरी राहायला जागा मिळाली. त्यांच्या ग्रंथालयातली पुस्तकं कार्ल रात्री चोरून, मेणबत्तीच्या उजेडात वाचायचा. खोलीत रात्रभर उजेड दिसतो म्हणून आगीच्या भीतीने त्याच्यावर पाळत ठेवली गेली आणि तो सापडला. स्टोबेयस रागावले नाहीत. उलट त्यांनी ग्रंथालय त्याच्यासाठी उघडं केलं.

पुढच्या वर्षी तो उप्साला विद्यापीठात आला. पैसे संपले. बुटाला भोकं पडली की आत कागद घालून तो चालायचा. १७२९ मध्ये विद्यापीठाच्या बागेत ओलोफ सेल्सियस या वयस्कर प्राध्यापकांशी त्याची गाठ पडली. हा फाटका मुलगा एवढ्या वनस्पती कशा ओळखतो याचं त्यांना नवल वाटलं आणि त्यांनी त्याला आपल्या घरी आसरा दिला. वडील, रोथमन, स्टोबेयस, सेल्सियस अशी ही साखळी आहे. यातली एक कडी जरी तुटली असती तरी आज विज्ञानाच्या पुस्तकात ती एक ओळ नसती.

घोड्याच्या जबड्यावरून सुचलेली कल्पना

१७३२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, लिनियस एकटाच उत्तरेकडच्या लॅपलँडच्या प्रवासाला निघाला. हा थंड, निर्जन प्रदेश. तिथे रेनडियर पाळणारे सामी लोक राहतात. जवळजवळ पाच महिने तो घोड्यावर, होडीतून आणि पायी फिरला.

या प्रवासातला एक छोटा प्रसंग आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. रस्त्याच्या कडेला त्याला मेलेल्या घोड्याचा जबडा पडलेला दिसला. त्याने थांबून दात मोजले. पुढचे किती, सुळे किती, दाढा किती. आणि त्याच्या मनात आलं की प्रत्येक प्राण्याचे दात कसे आणि किती, स्तन किती आणि कुठे, एवढं जरी कळलं तरी सगळ्या चतुष्पाद प्राण्यांची नीट मांडणी करता येईल.

प्राण्यांची विभागणी बऱ्याचदा पाळीव-जंगली, उपयोगी-उपद्रवी, मोठे-लहान अशी व्हायची. म्हणजे माणसाला त्यांचं काय वाटतं यावरून. लिनियसने ठरवलं की प्राण्याचं शरीर काय सांगतं ते पाहायचं. दात खोटं बोलत नाहीत. गवत खाणाऱ्याच्या तोंडात वाघाचे सुळे नसतात.

याचा पडताळा तीनच वर्षांनी आला. १७३५ मध्ये हॉलंडला जाताना तो जर्मनीतल्या हँबर्ग शहरात थांबला. तिथल्या महापौराच्या घरी सात तोंडांचा एक सर्पराक्षस पेंढा भरून ठेवलेला होता. लांबलांबून लोक तो बघायला येत. तो विकून मोठी रक्कम मिळेल अशी मालकाची आशा होती. लिनियसने जवळ जाऊन त्या सात तोंडांतले दात बघितले. ते सापाचे नव्हतेच. वीझल नावाच्या छोट्या शिकारी प्राण्याचे जबडे आणि पाय घेऊन त्यावर सापाची कातडी चिकटवलेली होती. त्याने हे उघड सांगून टाकलं. विक्री बारगळली आणि लिनियसला घाईघाईने शहर सोडावं लागलं.

आडनाव आधी, नाव नंतर

हॉलंडमध्ये लिनियसने हार्डरवाइक इथून थोड्याच दिवसांत डॉक्टरची पदवी घेतली. त्याच वर्षी, १७३५ मध्ये, त्याचं सिस्टिमा नॅचुरी हे पुस्तक छापलं गेलं. पुस्तक कसलं, मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पानं. पण त्यात खनिजं, वनस्पती आणि प्राणी यांची तक्त्यात मांडणी होती. जे प्राणी खरे की खोटे याची शंका होती, त्यांच्यासाठी एक वेगळा रकाना होता. त्यात सात तोंडांच्या सापाचीही नोंद होती. पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो रकानाच काढून टाकला.

याच काळात त्याच्यावर एक मोठा आघात झाला. पीटर आर्टेडी हा त्याचा जिवलग मित्र माशांचा अभ्यासक होता. दोघांनी ठरवलं होतं की आपल्यापैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याचं काम पूर्ण करायचं. १७३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कालव्यात पडून आर्टेडी बुडाला. लिनियसने शब्द पाळला. मित्राची हस्तलिखितं मिळवून १७३८ मध्ये त्याचं माशांवरचं पुस्तक छापून घेतलं.

स्वीडनला परतल्यावर त्याने स्टॉकहोममध्ये डॉक्टरकी केली. १७३९ मध्ये सारा मोरेया हिच्याशी लग्न केलं. १७४१ मध्ये तो उप्सालाला प्राध्यापक झाला.

आता त्याचं मुख्य काम. त्याआधी एखाद्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव म्हणजे लांबलचक वर्णन असायचं. टोमॅटोला काटे नसलेलं, मऊ खोडाचं, कातरलेल्या पिसासारख्या पानांचं सोलॅनम अशा अर्थाचं लॅटिन नाव होतं. प्रत्येक वेळी एवढं कोण लिहिणार? लिनियसने दोन शब्दांचं नाव रूढ केलं. १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये, सिस्टिमा नॅचुरीच्या दहाव्या आवृत्तीत, प्राण्यांसाठी.

मुलांना हे समजवायला मी आपलं जनरल रजिस्टर वापरते. रजिस्टरमध्ये आपण आडनाव आधी लिहितो, मग नाव. शास्त्रीय नावाचंही तसंच. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या एकाचा. लिनियसच्या यादीत टोमॅटो, वांगं आणि बटाटा तिघांचं आडनाव सोलॅनम आहे. भाजीच्या टोपलीतले हे तिघं एका घरातले आहेत हे सांगितलं की मुलं चकित होतात.

लांडग्याचं घराणं

१७५८ च्या त्या आवृत्तीत सुमारे ४,४०० प्राण्यांची नावं आहेत. आजही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात याच पुस्तकापासून धरतात. सस्तन हा वर्गही त्याने इथेच मांडला. आधी माशांत गणलेला देवमासा त्याने स्वतःच उचलून सस्तन प्राण्यांत आणला.

शिकारी प्राण्यांच्या गणात त्याने एक घराणं केलं, कॅनिस. लॅटिनमध्ये कॅनिस म्हणजे कुत्रा. आपण ज्या दाताला सुळा म्हणतो त्याचं इंग्रजी नाव कॅनाइन, तेही याच शब्दावरून आलं आहे. या घराण्यात त्याने सात जण बसवले. पाळीव कुत्रा कॅनिस फॅमिलियारिस, लांडगा कॅनिस ल्युपस, सोनेरी कोल्हा कॅनिस ऑरियस, युरोपातलं तांबडं खोकड कॅनिस व्हल्पेस, त्याच्यासारखंच पण जरा गडद असं कॅनिस अलोपेक्स, बर्फातलं ध्रुवीय खोकड कॅनिस लॅगोपस, आणि तरस कॅनिस हायना.

आपल्या दारातला कुत्रा आणि मेंढरं पळवणारा लांडगा एकाच आडनावाचे, ही गोष्ट त्या काळी कागदावर मांडणं सोपं नव्हतं. एक माणसाचा सोबती, दुसरा वैरी. पण दात आणि अंगाची ठेवण सारखी, म्हणून घराणं एक.

मग घरातल्या घरात फरक कसा करायचा? त्यासाठी लिनियसने शेपूट पाहिलं. कुत्र्याचं शेपूट वर वळलेलं, बाकी कुणाचं तसं नाही, म्हणून कुत्रा लांडग्याहून वेगळा धरला. आपल्याकडे कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच म्हणतात. लिनियसने त्यावरच एक प्राणी वेगळा केला. तांबड्या खोकडाच्या शेपटीचं टोक पांढरं, आणि अलोपेक्सच्या शेपटीचं टोक काळं, म्हणून ते दोघे वेगळे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. शेपटीचं टोक पांढरं की काळं, हाच तर त्या मुलाचा मुद्दा होता.

आता आपल्या भाषेपुरतं स्पष्ट करते. इंग्रजी जॅकल म्हणजे आपला कोल्हा. इंग्रजी फॉक्स म्हणजे खोकड. चार्टवरचं चित्र युरोपातल्या तांबड्या खोकडाचं होतं, त्याच्या शेपटीला पांढरं टोक असतं. आपल्या माळरानावरचं खोकड आकाराने लहान, त्याच्या शेपटीचं टोक काळं. कोल्हा या दोघांहून निराळा आणि लांडगा-कुत्र्याच्या जास्त जवळचा. म्हणजे चार्ट चुकला होता, मी चुकले होते, मुलगा बरोबर होता.

शिक्षक लिनियस

लिनियसचा शिकवण्याचा थाट बघण्यासारखा होता. शनिवारी तो विद्यार्थ्यांना घेऊन उप्सालाच्या आसपास फिरायला जायचा. कधी कधी शेकडो जण असायचे. कुणी वनस्पती गोळा करायची, कुणी कीटक, कुणी टिपणं काढायची, अशी कामं वाटून दिलेली. काही दुर्मीळ सापडलं की शिंग फुंकून सगळ्यांना बोलवायचं आणि तिथेच धडा व्हायचा. संध्याकाळी निशाण घेऊन वाजतगाजत परत. आपण परिसर भेट म्हणतो ती हीच, फक्त त्याने ती मनापासून केली.

घरीही प्राणी होते. पोंपे नावाचा कुत्रा त्याच्याबरोबर चर्चमध्ये जायचा. प्रवचन फार लांबलं की लिनियस उठून जायचा आणि कुत्राही निघायचा. लिनियस आजारी असला तरी पोंपे एकटाच जाऊन ठरल्या वेळी परत यायचा, असं सांगतात. राजपुत्राने त्याला एक रॅकून भेट दिला होता. तो एका कुत्र्याच्या तावडीत सापडून मेला. लिनियसला वाईट वाटलं, पण त्याने त्याचं शरीर उघडून अभ्यासलं आणि त्याला अस्वलाच्या घराण्यात बसवलं.

त्याने आपले निवडक विद्यार्थी जगभर पाठवले. जवळजवळ सतरा जण. त्याचा आणखी एक विद्यार्थी योहान क्योनिग हा आपल्या देशात, तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला आला आणि भारतातच वारला. कितीतरी जण परतलेच नाहीत. पहिला विद्यार्थी तेर्नस्ट्रोम चीनच्या वाटेवर १७४६ मध्ये वारला. घरी बायको आणि मुलं होती. तिने लिनियसला दोष दिला. त्यानंतर त्याने फक्त अविवाहित विद्यार्थी पाठवले. पण पाठवणं थांबवलं नाही. कौतुक करताना ही बाजूही आपण मुलांना सांगायला हवी.

त्याच्या चुका

लिनियसचा तरस चुकला. तरस दिसायला कुत्र्यासारखा, पण तो कुत्र्याच्या कुळातला नाही. मांजर आणि मुंगूस यांच्या बाजूचा आहे. स्वीडनमध्ये तरस नव्हता, दुसऱ्यांच्या लिखाणावर भिस्त होती. पुढच्या अभ्यासकांनी त्याला वेगळं घर दिलं. काळ्या टोकाचा अलोपेक्सही वेगळा प्राणी ठरला नाही. तो तांबड्या खोकडाचाच एक रंगप्रकार निघाला. पुढे खोकडांना व्हल्पेस हे स्वतंत्र आडनाव मिळालं.

दुसरी चूक मात्र साधी नाही. लिनियसने माणसालाही यादीत घातलं आणि होमो सेपियन्स हे नाव दिलं. माणूस हा प्राण्यांतलाच एक, हे सांगायला धाडस लागतं. पण पुढे जाऊन त्याने खंडांप्रमाणे आणि रंगाप्रमाणे माणसांचे प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवले. युरोपातल्यांना चांगले, बाकीच्यांना आळशी, हट्टी, लोभी असे. यात दात मोजलेले नव्हते, की कुणाला नीट पाहिलेलं नव्हतं. ऐकीव मतं शास्त्राच्या पुस्तकात गेली आणि पुढे वर्णभेद करणाऱ्यांनी त्यांचा आधार घेतला. तरसाला चुकीच्या घरात बसवलं म्हणून तरसाचं काही बिघडलं नाही. माणसाला चुकीचं लेबल लावलं की पिढ्या भोगतात.

अखेरचे दिवस

१७६१ मध्ये राजाने त्याला सरदारकी दिली. तेव्हापासून त्याला कार्ल फॉन लिने म्हणू लागले. शेवटच्या वर्षांत पक्षाघाताचे झटके आले, स्मरणशक्ती गेली. ज्याला हजारो प्राणी-वनस्पतींची नावं तोंडपाठ होती, त्याला नावंच आठवेनाशी झाली. १० जानेवारी १७७८ रोजी तो वारला. उप्सालाच्या मोठ्या चर्चमध्ये त्याला पुरलं आहे.

त्याचा मुलगा १७८३ मध्ये वारल्यावर पत्नी साराने सगळा संग्रह जेम्स स्मिथ या इंग्रज तरुणाला विकला. त्यातूनच १७८८ मध्ये लिनियन सोसायटी सुरू झाली. तो संग्रह आजही लंडनमध्ये आहे.

यादी पुढे दख्खनपर्यंत

लिनियसची यादी त्याच्याबरोबर संपली नाही. आपल्या दख्खनमध्येही ती पुढे लिहिली गेली. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या सैन्यातला अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत हिंडला. १८३१ मध्ये त्याने इथल्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. आपल्या लांडग्याला त्याने कॅनिस पॅलिपेस, म्हणजे फिकट पायांचा, असं नाव दिलं. आपल्या रानकुत्र्याला, कोळसुंद्याला, कॅनिस दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा, म्हटलं.

पुन्हा दात मोजले गेले. कुत्र्याला आणि लांडग्याला ४२ दात असतात. कोळसुंद्याला ४०, कारण खालच्या जबड्यात दोन्हीकडे एकेक दाढ कमी. या फरकामुळे कोळसुंदा कॅनिस घराण्यात राहिला नाही, १८३८ मध्ये क्युऑन हे वेगळं आडनाव आलं. लांडगा मात्र वेगळा न राहता कॅनिस ल्युपसची भारतीय उपजाती ठरला.

आज डीएनए तपासतात. कुत्रा लांडग्याच्या इतका जवळचा निघाला की बरेच जण त्याला लांडग्याचीच उपजाती मानतात, तर काही जण लिनियसचं जुनं नाव ठेवतात. हा वाद अजून मिटलेला नाही. आफ्रिकेतला ज्याला सोनेरी कोल्हा म्हणायचे, तो २०१५ मध्ये वेगळीच जात ठरला आणि लांडग्याच्या अधिक जवळचा निघाला. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी यादीत खाडाखोड चालूच आहे. तिच्यामुळेच यादी हळूहळू बरोबर होत जाते.

वर्गात काय करता येईल?

१. मुलांना परिसरात दिसणारे प्राणी विचारा. गावात म्हणतात ती नावं तशीच फळ्यावर लिहा. पुस्तकी नाव नंतर सांगा.

२. कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड, कोळसुंदा, तरस अशी चित्रकार्डं करून मुलांना गट पाडायला सांगा. गट का केला हे प्रत्येकाने सांगायचं. तरस कुठे ठेवतात ते पाहा, चर्चा छान होते.

३. आपले आणि घरातल्यांचे दात आरशात पाहून मोजायला सांगा. सुळे कुठले, दाढा कुठल्या ते ओळखू द्या. कुत्र्याच्या तोंडात मात्र हात घालू नका हे आधी बजावा.

४. चार्टमध्ये किंवा पुस्तकात चूक सापडली तर ती दाखवणाऱ्या मुलाचं नाव फळ्यावर लिहा.

चौथा मुद्दा मी स्वतःसाठी घातला आहे. तो मुलगा पुढच्या वर्षी माझ्या वर्गात नव्हता. मेंढरांमागे त्याचं कुटुंब दुसऱ्या तालुक्यात गेलं, दाखलाही गेला. तू बरोबर होतास, हे सांगायचं राहून गेलं. वर्षअखेरीला याद्या भरायची वेळ येते तेव्हा मी आता पेनाऐवजी आधी पेन्सिल घेते. लिनियसने देवमासा खोडून दुसरीकडे लिहिला. आपणही खोडायला मोकळं असलं पाहिजे.

लेख कसा वाटला ते जरूर कळवा. तुमच्या भागात कोल्ह्याला, खोकडाला, कोळसुंद्याला काय म्हणतात तेही लिहा, मुलांना वाचून दाखवीन.